होडी हळू घे

मुंबईच्या माणसाला गर्दीचा कंटाळा आला, की तो गेटवेवरून लाँच धरतो आणि घारापुरीला जातो. तासाभरात बेट. पुण्याच्या माणसाजवळ समुद्र नाही. मग तो रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याला लागतो, शंभरेक किलोमीटरवर भिगवणच्या आसपास गाडी लावतो आणि उजनीच्या पाण्यात होडीत बसतो. गळ्यात दुर्बीण, हातात मोठा कॅमेरा. दुपारी माशाचं जेवण करून संध्याकाळी घरी. हे पाणी आणि त्यातली बेटं आमच्या इंदापूर तालुक्यात आहेत. त्यातलं एक बेट म्हणजे माझं आजोळ.

आजोळ म्हणजे जुनं पळसदेव. भीमेच्या काठचं गाव. आज सोलापूर रस्त्याला जे पळसदेव लागतं ते नवं. जुनं खाली पाण्यात आहे. पाणी फारच आटलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, भोवती पाणी नि मधी देऊळ. वर्तमानपत्रात फोटो येतात आणि लोक बघायला धावतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तसंच झालं. आदल्या साली पाऊस कमी, धरण भरलंच नव्हतं. जानेवारीतच उजनी मायनसमध्ये गेली.

हे मायनस बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून सांगतो. उजनीत एकूण पाणी मावतं ११७ टीएमसी. त्यातलं वरचं साधारण ५४ टीएमसी वापरायचं म्हणून धरतात, ते उपयुक्त. खालचं ६३ टीएमसी मृत साठा. वरचं संपून खालच्याला हात लागला की आमच्याकडं म्हणतात, धरण मायनसला गेलं. मृत म्हटलं तरी ते मरत नाही. काठावरचे शेतकरी मोटारी घेऊन पाण्याच्या मागं मागं जातात. आज शंभर फूट पाईप वाढवला, आठ दिवसांनी अजून शंभर फूट. पाणी मागं सरलं की मोकळ्या झालेल्या गाळात पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात.

तर त्या एप्रिलमध्ये माझा धाकटा मुलगा पुण्याहून दोन मित्रांना घेऊन आला. म्हणाला, "तात्या, फ्लेमिंगो बघायचेत आणि ते वर आलेलं देऊळपण. तुम्ही चला, वाट दाखवा." मी म्हटलं, वाट दाखवणारा मी नव्हे. माझे मामा आहेत. वय ब्याऐंशी. त्यांनी गाव सोडल्यापासून देवळात पाऊल टाकलं नव्हतं. याआधी दोन-तीनदा देऊळ वर आलं तेव्हा गावची माणसं जाऊन आली, मामा गेले नाहीत. या खेपेला कसे कुणास ठाऊक, तयार झाले. म्हणाले, "आता पुन्यांदा उघडं व्हईल तवा मी असंन का नसंन."

लहानपणी आम्ही आजोळी जायचो ते एसटीनं. भवानीनगरहून भिगवण, तिथून सोलापूरकडची गाडी, मग रस्त्याला उतरून नदीकडं पायी. आई डोक्यावर गठुडं घेऊन पुढं, आम्ही मागं. काळी रानं. थंडीत गेलो तर शाळू डोक्याच्या वर. मालदांडीच्या त्या ताटांतून पाऊलवाट जायची आणि एकदम देवळाचं शिखर दिसायचं. खाली दगडाचं देऊळ, वर विटा-चुन्याचं शिखर. उन्हाळ्यात नदी बारीक व्हायची. वाळूत कलिंगडाच्या नि काकडीच्या वाड्या असायच्या. आम्ही नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडून पलीकडं करमाळा तालुक्यात जायचो आणि जेवायला परत यायचो.

आमचं भवानीनगर वेगळं. आमच्याकडं नदी नाही, कालवा आहे. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर इंग्रज सरकारनं भाटघरला धरण बांधलं आणि नीरा डावा कालवा काढला. १८८५ च्या आसपास पाणी आलं. पुढं १९२८ ला भाटघरचं मोठं धरण पुरं झालं. स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सणसरच्या माळावर भवानीनगर वसलं. आमच्या दोन पिढ्या त्या कालव्यावर आणि उसावर जगल्या. लहानपणी मला वाटायचं, कालव्यात पाणी असतं ते असतंच. ते कुठून येतं, हे विचारायचं सुचलं नाही.

मामाच्या गावाला मात्र सुचावं लागलं. उजनीचं धरण तिकडं सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात. पाण्याचा फुगवटा मात्र मागं आमच्याकडं, इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत इथवर. काम १९६९ मध्ये सुरू झालं, १९८० साली पुरं झालं. मी दहावी झालो त्या सुमारास आजोळी गावं उठायची बोलणी रोज चालायची. आज अमक्याची मोजणी झाली, उद्या तमक्याचा पंचनामा. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ साली. तोवर भिंत बरीच वर चढली होती.

धरणाला विरोध ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नव्हती. मुळशीला १९२१ ते १९२४ सेनापती बापटांनी शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला होता. धरण झालंच. मामांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण त्यांना आतून माहीत होतं. ते म्हणायचे, "सरकार पानी आडवायला निघालं, तर आपुन काय आडवनार?" आणि दुसरीही गोष्ट म्हणायचे, की सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा तहानलेलं आहे, तिकडं पाणी गेलंच पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या तोंडात एकदमच असायच्या.

मिळालेले पैसे नव्या गावठाणात घर बांधण्यात नि एका बहिणीच्या लग्नात गेले. बदली जमिनीसाठी हेलपाटे घातले, ती मिळाली तेव्हा लांब मिळाली, शेवटी विकून टाकली. देव नव्या गावात नेला. वाडा उतरवून सागवानी दारं-चौकटी बैलगाडीत घातल्या. विहीर मात्र कुणाला नेता आली नाही.

त्या दिवशी आम्ही आधी कुंभारगावला गेलो. सकाळी सहाला होडीत. होडीवाला भोई समाजातला, पंचविशीचा पोरगा. त्याचा आजा भीमेत जाळं टाकायचा, हा जाळंही टाकतो नि माणसंही फिरवतो. नदीची वाम, मरळ कमी झाली, आता जाळ्यात चिलापी जास्त येते, असं तो म्हणाला.

तासाभरात रोहित दिसले. लांबून पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखी. जवळ गेलो तसे पाय दिसायला लागले. रोहित पाखरू चोच उलटी करून गाळ चाळतं. डोकं खाली, वरची चोच तळाला. बारीक शेवाळ नि किडे त्यात अडकतात. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो, पिलं राखाडी असतात. ती जन्मतात कच्छच्या रणात. चमचे होते, चित्रबलाक होते. चित्रबलाकांची घरटी जवळच भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर असायची. हळदीकुंकू बदकं जोडीजोडीनं. वारकरी पाण्यात डुबक्या मारत होते. नदी सुरय नावाचं पिवळ्या चोचीचं पाखरू होडीवरून जायचं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब मात्र तोवर परत गेले होते. त्यांना बघायचं तर थंडीत यावं.

मुलाच्या एका मित्राला उडतानाचा फोटो पाहिजे होता. तो म्हणाला, "जरा जवळ घ्या ना, उडतील." पोरगा काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "होडी हळू घे. मशीन बंद कर. खाऊ दे त्यास्नी." पोरग्यानं इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. पाणी कंबरभरसुद्धा नव्हतं, बांबू तळाला लागत होता. मग सगळेच गप्प झालो. शेदोनशे पाखरांच्या चोचींचा फुरफुर आवाज येत होता. अर्धा तास आम्ही तिथं थांबलो असू. पाखरं उडाली नाहीत. फोटो मिळाला नाही, पण त्या पोरानंही पुन्हा तक्रार केली नाही.

त्या अर्ध्या तासात मी जे बघितलं ते इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. पाखरं जिथं उभी होती तिथं खाली बांध होता. पाणी नितळ नव्हतं, पण पाखरांची रांग सरळ होती, एका ठिकाणी काटकोनात वळली होती. पाखरं असं रांगेत कशाला उभी राहतील? मामांनी बघितलं आणि म्हणाले, "बांधावर हायती. बांधावर पानी उथळ."

आमच्याकडची भीमा सपाटीवरून वाहते. दऱ्या नाहीत, डोंगर नाहीत. कोयनेसारख्या खोऱ्यात पाणी अडवलं तर ते खोल साठतं. इथं अडवलं तर ते पसरतं. म्हणून उजनीनं एवढी गावं नि एवढी रानं घेतली. आणि पाणी उथळ पसरलं म्हणूनच लांब पायांच्या पाखराला उभं राहायला जागा झाली. धरणाआधी आमच्या आजोळी रोहित कुणी पाहिलेला नव्हता. माणूस ज्या कारणानं उठला, त्याच कारणानं पाखरू आलं. पाखराचा यात दोष नाही. बघायला येणाऱ्याचाही नाही. पण आपण बघतो ते रान कुणाचं तरी वहितीचं आहे, एवढं ठाऊक असावं.

पाखरं कशात उभी आहेत तेही सांगितलं पाहिजे. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी त्या वाटेनं उजनीत येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते. मुलाच्या मित्रांनी नाकाला रुमाल लावला. पोरगा हसून म्हणाला, "साहेब, हे तुमच्याकडूनच आलंय." मित्र ओशाळला. मी म्हटलं, आमच्या उसाची खतंही ह्यातच उतरतात, एकट्या शहराला बोलून चालायचं नाही.

परत येताना डिकसळकडं लांबवर जुना पूल दिसला. पुण्याहून रेल्वे १८५८ साली डिकसळपर्यंत आली. पुढं १८६० ला सोलापूरला पोचली. धरण झालं तेव्हा रूळ दुसरीकडून नेले आणि तो जुना पूल गाड्यामोटारींना राहिला. मामा सांगत होते, त्यांचे आजोबा गाडीच्या शिट्टीवर वेळ ओळखायचे.

कुंभारगावला पिठलं-भाकरी खाऊन आम्ही मोटारीनं पळसदेवला गेलो. तिथं दुसरी होडी केली. ऊन कलायला लागलं होतं. वाऱ्यानं पाणी जरा हलत होतं. होडीवाला इंजिन जोरात चालवायला लागला, तसं मामांनी परत तेच सांगितलं, होडी हळू घे. आता तिथं पाखरं नव्हती. मुलगा म्हणाला, "आबा, इथं कशाला हळू? काहीच नाही इथं."

मामा म्हणाले, "हितं समदं हाय."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. देवळाचं शिखर आणि काठावरची एक टेकाडाची सोंड, ह्या दोन खुणा जुळवून ते जागा ओळखत होते. "ही वेस. ही गावविहीर, हिचं पानी गोडं व्हतं. हितनं डावीकडं कुंभाराची आवी. ही आपली दोन नंबरची पट्टी, हितं तुझी आज्जी शाळू काढताना बाळंत झाली, तिच्या पोटची ही तुझी आई." शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून. पासष्ट वर्षांचा झालो, माझी आई शेतात जन्मली हे मला माहीत नव्हतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली. ती कुठं जन्मली तिथून मी तेव्हा होडीतून चाललो होतो, आणि होडी जोरात असती तर ते दहा सेकंदात मागं पडलं असतं.

मुलानं इंजिन बंद करायला सांगितलं. या खेपेला त्यानंच.

आमच्या भागातून तुकोबांची पालखी जाते. सणसरला मुक्काम असतो, बेलवाडीला गोल रिंगण होतं. वारीत चालताना माणसाला वाटेवरची झाडं, विहिरी, पडव्या ध्यानात राहतात. तीच वाट मोटारीनं केली तर नुसती गावांच्या नावांच्या पाट्या ध्यानात राहतात. पाण्यावरही तसंच आहे.

देवळाजवळ होडी गाळात टेकली. पुढं पायी. गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला, पाय टाकला की खाली ओला. आजूबाजूला वीरगळ पडलेले. लढाईत पडलेल्या माणसांचे ते दगड. कोण होती ती माणसं, कुणासाठी लढली, गावात कुणाला ठाऊक नव्हतं, तरी आजी त्यांना दसऱ्याला शेंदूर लावायची. देवळाच्या भिंती बहुतेक जागच्या जागी. इतकी वर्षं पाण्यात राहून दगड हलला नाही. चुना नि विटा झिजल्यात. पुष्कळ लोक आले होते. कुणी शिखराकडं चढायचा प्रयत्न करत होतं, कुणी दगडावर नावं लिहीत होतं. मुलाच्या मित्रांनी दोघांना हटकलं. मला बरं वाटलं.

मामा आत गेले नाहीत. दारात उभे राहिले, उंबऱ्याला हात लावला. मी विचारलं, "मामा, आत चला की. आलाच आहात एवढं." म्हणाले, "देव तर वर नेलाय. आत कुनाला भेटू?" मग तिथंच पायरीवर बसले आणि पाण्याकडं बघत राहिले. पलीकडच्या काठावर करमाळा तालुका. लहानपणी गुडघाभर पाण्यातून जाऊन जेवायला परत यायचो, तो काठ आता कोसभर लांब.

ह्या पाण्यावरच्या होड्या काही नुसत्या हौसेच्या नाहीत. पलीकडच्या गावांना इंदापूरला यायचं तर रस्त्यानं मोठा वळसा. म्हणून बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला माणसं होडीनंच येतात-जातात. आम्ही जाऊन आल्यावर महिनाभरात, २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. त्यात लहान लेकरं होती. आमच्याकडं दोन दिवस कुणाच्या तोंडात दुसरं बोलणं नव्हतं. मामा त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आमी चालत जायाचो रं तितनं."

म्हणून येणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जरूर या. आमच्या पोरांना त्यात चार पैसे मिळतात, ते नव्या जमिनीतून मिळाले नाहीत. थंडीत या किंवा उन्हाच्या सुरुवातीला या, सकाळी लवकर या. अंगात जाकीट घातल्याशिवाय होडीत बसू नका, वारा सुटला तर हट्ट करू नका. पाखरं उडवू नका. होडीवाल्याला घाई लावू नका, आणि त्याच्या घरी कुणी म्हातारं माणूस असलं तर पाच मिनिटं त्याच्यापाशी बसा. त्याला विचारा, खाली काय होतं. पाखरांची नावं पुस्तकात मिळतील, ही नावं त्याच्यापाशीच आहेत.

मी स्वतः त्या दिवसानंतर कालव्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो. आमच्या उसाला पाणी येतं ते भाटघरहून, आणि भाटघरच्या पाण्याखालीही भोरकडच्या कुणाचं तरी आजोळ असणार. आम्ही चाळीस वर्षं पाळीच्या पाण्यावरून भांडलो, पण हा विचार कधी केला नव्हता. आता बारं धरताना तो मनात येतो. आला म्हणून मी पाणी घ्यायचं सोडलं नाही, हेही खरं.

त्या साली पुढं पाऊस चांगला झाला. घाटमाथ्यावर जोर धरला, पुण्याच्या वरची धरणं भरून पाणी खाली आलं आणि मायनसमधली उजनी ऑगस्टच्या सुरुवातीला शंभर टक्क्यांवर गेली. मी मामांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलावं लागतं.

म्हटलं, "मामा, उजनी भरली!"

"देवळाला लागलं का पानी?"

"कवाच लागलं."

जरा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं. सोलापूरकडचं लोक लई तानल्यालं व्हतं."